घरगुती बिअरमधला 'मॅश टन' काय असतो? आणि त्यात गाळणीचं खरं काम कोण करतं?

बिअर कशापासून होते असं विचारलं, तर बहुतेक जण जव, हॉप्स आणि यीस्ट ही नावं सांगतील. पण घरी बिअर करणाऱ्या एखाद्या अमेरिकन माणसाच्या गॅरेजमध्ये डोकावलं तर सगळ्यात आधी दिसतं ते प्लास्टिकचं जाडजूड पिंप. सहलीला थंड पाणी न्यायला वापरतात तसलंच. खाली तोटी, वर झाकण. फरक इतकाच, की त्यात बर्फाच्या पाण्याऐवजी पाच किलो भरडलेलं धान्य आणि १५ लिटर गरम पाणी असतं.

यालाच म्हणतात मॅश टन. यातल्या 'टन'चा वजनाशी संबंध नाही. टन म्हणजे जुन्या इंग्रजीत मोठं पिंप. आणि मॅश म्हणजे धान्य आणि गरम पाण्याचा लगदा.

बाजारात तयार मॅश टन मिळतात, पण ते महाग असतात. म्हणून हौशी मंडळी गेली चाळीसेक वर्षं ते घरीच जोडत आली आहेत. पिंप जोडणं अवघड नाही. अवघड आहे ती त्यातली गाळण. ती चुकली की पाच किलो धान्य आणि अख्खी दुपार त्या पिंपात अडकून बसते, तोटी उघडी असते आणि खाली थेंबही पडत नाही.

आधी कायद्याचं बघू

हे सगळं महाराष्ट्रात घरी करून बघता येतं का? नाही. 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९' नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते. घरगुती वापरासाठी, विकायची नाही, थोडीशीच केली, अशा सबबींना त्यात जागा नाही. पुण्या-मुंबईत ज्या मायक्रोब्रुअरी आहेत, त्या रीतसर परवाना घेऊन चालतात.

ब्रिटन आणि अमेरिकेत चित्र वेगळं आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली तेव्हाचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढून टाकली. अमेरिकेत ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि घरी बिअर करायला केंद्रीय करातून सूट मिळाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे साधारण ३७८ लिटर. घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही. तरीही राज्यांचे कायदे वेगळे असल्यामुळे अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांत ही मुभा मिळायला २०१३ साल उजाडलं. ही सूट फक्त बिअर आणि वाईनसाठी होती. भट्टी लावून दारू गाळणं त्यात येत नव्हतं.

त्यामुळे न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हा छंद करता येतो. इथल्या वाचकासाठी मात्र ही माहिती 'ते कसं चालतं' एवढ्यापुरतीच.

पिंपात नेमकं काय होतं?

जव म्हणजे सातू. तो भिजवून मोड आणतात, मोड पुरते वाढायच्या आत वाळवतात. हा झाला माल्ट. आपल्याकडे बाळाला मोड आलेल्या नाचणीचं सत्व देतात, त्याची सुरुवातही अशीच होते. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि ते पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे तुकडे करतात. मोडाच्या नाचणीची पेज साध्या नाचणीपेक्षा पातळ होते, ती याच कारणाने.

मॅश टनमध्ये हेच काम मोठ्या प्रमाणावर चालतं. भरडलेला माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर पाण्यात ठेवला, की स्टार्चची साखर होते. दोन मुख्य एन्झाइम आहेत. बीटा अमायलेज ६५ अंशांच्या खालच्या बाजूला खुश असतं आणि यीस्टला सहज पचणारी साखर बनवतं. अल्फा अमायलेज ७० च्या आसपास जोरात चालतं आणि न आंबणाऱ्या, लांबलचक साखळ्या मागे ठेवतं. म्हणून ६४ अंशांवर केलेली बिअर हलकी, कोरडी लागते आणि ६९ अंशांवरची भरीव, किंचित गोडसर. पाचच अंशांचा खेळ.

म्हणूनच भांड्यापेक्षा कूलर बरा ठरतो. गॅसवरच्या पातेल्यात तासभर तापमान सांभाळायचं म्हणजे शेगडीपाशी उभं राहणं आलं. दुहेरी भिंतीच्या कूलरमध्ये तासाभरात एखाद-दोन अंशच उतरतात. गंमत म्हणजे बऱ्याच कूलरची झाकणं आतून पोकळ असतात, त्यात फोम नसतो. उष्णता निसटते ती तिथूनच. लोक त्यावर जुनी गोधडी टाकतात आणि काम भागतं.

तासाभराने स्टार्च संपला का, हे बघायला आयोडीन वापरतात. शाळेत बटाट्याच्या फोडीवर केलेला प्रयोग आठवत असेल. बशीत मॅशचा एक थेंब, त्यात टिंक्चरचा एक थेंब. काळं-निळं झालं तर अजून थांबायचं. तो नमुना परत पिंपात टाकायचा नाही, फेकून द्यायचा.

या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. ते गाळून घ्यायचं, हॉप्स टाकून उकळायचं, गार करून यीस्ट घालायचं. पुढची बिअर यीस्ट करतं. आपला विषय मधल्या एका शब्दाचा आहे: गाळून.

गाळणी आणि गाळण, यात फरक आहे

चहा गाळताना जाळी पत्ती अडवते. मॅश टनमध्ये तसं होत नाही. तिथली जाळी पिठूळ कण अडवू शकेल इतकी बारीक नसतेच. तितकी बारीक ठेवली तर ती दोन मिनिटांत तुंबेल.

खरी गाळणी म्हणजे धान्याचा थर. जवाच्या दाण्यावर टरफल असतं. माल्ट नीट भरडला तर आतला गाभा फुटतो, पण टरफल बऱ्यापैकी अख्खं राहतं. ही टरफलं पिंपाच्या तळाशी एकमेकांवर आडवीतिडवी बसतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी झिरपतं. बारीक कण त्या जाळ्यात अडकतात. विहिरीचं पाणी वाळू-खडीच्या थरातून गाळतात, तसंच. पिंपातल्या धातूच्या जाळीचं काम फक्त एवढंच, की या थराला खालून आधार द्यायचा आणि टरफलं तोटीत जाऊ द्यायची नाहीत.

फिनलंडमध्ये 'साहती' नावाची पारंपरिक बिअर करतात. तिच्यासाठी लाकडाचा ओंडका कोरून केलेलं कुर्ना नावाचं लांबट डोणं वापरतात. तळाशी ज्युनिपरच्या फांद्या आणि पेंढा अंथरतात, वर मॅश ओततात. बारीक जाळी नाही, छिद्रांचा पत्रा नाही. तरी वर्ट स्वच्छ उतरतं, कारण गाळायचं काम फांद्यांवर बसलेलं धान्य करतं.

हे एकदा लक्षात आलं की घरगुती मॅश टनमधले निम्मे प्रश्न सुटतात. लोक जाळी बदलत बसतात, आणि दोष असतो भरडण्यात. माल्ट मिक्सरमध्ये फिरवला तर टरफलाचाही चुरा होतो, गाळणीच उरत नाही आणि त्याची खळ होते. म्हणून रोलरची चक्की वापरतात, दोन रोलरमध्ये साधारण एक मिलिमीटरची फट ठेवून. काही जण त्याआधी माल्टवर पाण्याचा हलका हबका मारतात. टरफल थोडं चिवट होतं आणि तुटत नाही.

गव्हाची बिअर करताना वेगळीच पंचाईत असते. मळणी केलेल्या गव्हाला टरफल नसतं. मग टरफल बाहेरून आणावं लागतं, आणि अमेरिकेतल्या दुकानांत त्यासाठी पाकिटातून विकत मिळतं ते चक्क भाताचं तूस! आपल्याकडे भाताच्या गिरणीमागे त्याचे ढीग पडलेले असतात. २० लिटरच्या बिअरला पाव किलो तूस धुऊन मिसळलं, की चिकट गव्हातूनही पाणी वाट काढतं. तुसाला स्वतःची चव जवळपास नसते, हा त्याचा मोठा गुण.

बादली, पाइप की वेणी?

घरगुती मॅश टनचा इतिहास म्हणजे खरं तर तळाशी काय बसवायचं याचा इतिहास.

चार्ली पपाझियन हे कोलोरॅडोतल्या बोल्डरचे. १९७८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशनच्या संस्थापकांपैकी एक. १९८४ मध्ये आलेल्या 'द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रुइंग' या पुस्तकातून त्यांनी दोन बादल्यांची एक युक्ती घरोघर पोचवली. आतल्या बादलीच्या तळाला ड्रिलने शेकडो बारीक भोकं पाडायची आणि ती तोटी लावलेल्या दुसऱ्या बादलीत बसवायची. नाव 'झापॅप', म्हणजे त्यांच्या आडनावाची उलटापालट. स्वस्त आणि मस्त, पण बादली उष्णता धरत नाही. शिवाय दोन बादल्यांमधल्या पोकळीत आधी गरम पाणी भरून ठेवलं नाही तर धान्य एकदम खाली दबतं आणि भोकं बुजतात.

दुसरा प्रकार कूलरच्या तळाशी तांब्याच्या पाइपची चौकट. अर्धा इंची पाइपला करवतीने थोड्या थोड्या अंतरावर, निम्म्या जाडीपर्यंत खाचा पाडायच्या. चौकट खाचांची बाजू खाली करून ठेवतात, म्हणजे धान्य थेट खाचेत शिरत नाही. सांधे डाख न लावता नुसते दाबून बसवतात, धुताना सुटे करता यावेत म्हणून.

तिसरा प्रकार सगळ्यात लोकप्रिय, आणि दिसायला सगळ्यात साधा. वॉशबेसिन किंवा गीझरला लावतात तो स्टीलची वेणी असलेला कनेक्शन पाइप घ्यायचा. दोन्ही टोकं करवतीने कापायची. मग वेणी दोन्हीकडून आत ढकलायची, ती फुगते आणि सैल होते, आणि आतली रबरी किंवा प्लास्टिकची नळी ओढून बाहेर काढता येते. उरते ती स्टीलची पोकळ जाळी. तिचं एक टोक दुमडून होज क्लिपने घट्ट बंद करायचं, दुसरं तोटीच्या आतल्या निप्पलवर चढवून तिथेही क्लिप लावायची. जाळी फार मऊ असेल तर धान्याच्या वजनाने चपटी होते, म्हणून आत तांब्याच्या तारेचं वेटोळं घालतात. एक गोष्ट नीट बघावी लागते: काही पाइपवरची वेणी स्टीलची नसून करड्या रंगाचं प्लास्टिक असतं.

ओरेगनमधल्या डेनी कॉन यांनी कूलर आणि वेणीची ही जोडी बरीच लोकप्रिय केली. पण एवढ्याशा जाळीने काम भागतं कसं? याचं उत्तर धान्य धुण्याच्या पद्धतीत आहे.

पहिलं वर्ट काढून घेतल्यावरही धान्यात बरीच साखर उरते. ती धुऊन काढणं म्हणजे स्पार्ज. मोठ्या ब्रुअरींची रीत अशी, की वरून संथ शिंपण चालू ठेवायचं आणि खालून तितकंच काढायचं. या रीतीत पाणी तळाच्या प्रत्येक भागातून सारखं खाली आलं पाहिजे. ते एकाच वाटेने पळालं तर बाकीचं धान्य न धुताच राहतं. म्हणून तिथे तळभर पसरलेली तांब्याची चौकट किंवा छिद्रांचा पत्रा हवा. डेनी कॉन यांची रीत वेगळी. पहिलं वर्ट पूर्ण काढा, तोटी बंद करा, गरम पाणी एकदम ओता, ढवळा, पुन्हा सगळं काढा. ढवळल्यामुळे साखर पाण्यात सगळीकडे सारखी मिसळलेली असते. मग पाणी कोणत्या वाटेने आलं याने फरक पडत नाही. साखर थोडी कमी निघते, पण त्याची भरपाई अर्धा किलो जास्त माल्टने होते. घरगुती प्रमाणावर हा सौदा परवडणारा आहे.

जोडताना घात करणाऱ्या गोष्टी

कूलरची मूळ प्लास्टिकची तोटी काढून तिथे स्टीलचं निप्पल आणि बॉल व्हॉल्व्ह बसवतात. भिंतीच्या दोन्ही बाजूंना वॉशर, आतल्या बाजूला उष्णता सहन करणारी सिलिकॉनची रिंग, आट्यांवर टेफलॉन टेप. जोडणी झाल्यावर गार पाण्याने नाही, ७० अंशांच्या पाण्याने तपासायची. गार पाण्यात न गळणारा सांधा गरम पाण्यात प्लास्टिक सैलावलं की गळू लागतो.

साहित्याच्या बाबतीत काटकसर नडते. साधा पीव्हीसी पाइप ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो, तो इथे चालत नाही. गरम पाण्यासाठीचा सीपीव्हीसी वेगळा. जस्ताचा मुलामा दिलेले जीआयचे सुटे भागही नकोत. मॅश किंचित आम्लधर्मी असतो, पीएच ५.२ ते ५.६, आणि त्यात जस्त विरघळतं. पितळात थोडं शिसं असू शकतं, त्यामुळे जिथे जमेल तिथे स्टेनलेस स्टील. आणि पिंप खाद्यपदार्थांसाठीचंच हवं. रंगाचा किंवा रसायनाचा डबा कितीही धुतला तरी नाही.

आकाराचं गणित सोपं आहे. एक किलो धान्य पाण्यात बुडल्यावर साधारण पाऊण लिटरच्या आसपास जागा घेतं. पाच किलो धान्य आणि १५ लिटर पाणी म्हणजे १८ लिटरच्या पुढे. १९ लिटरचा कूलर काठोकाठ भरेल, ढवळताना सांडेल. ३८ लिटरचा घेतला तर हात मोकळा राहतो.

एका दुपारचा हिशेब

कूलर आधी गरम पाण्याने विसळून तापवतात. थेट उकळतं पाणी ओतायचं नाही, आतलं प्लास्टिकचं अस्तर वाकडं होऊ शकतं. खोलीत २२ अंश असलेल्या पाच किलो माल्टला ६७ अंशांवर आणायचं असेल, तर १५ लिटर पाणी ७३-७४ अंशांचं लागतं, कारण धान्य उष्णता ओढून घेतं. पाणी आधी, धान्य नंतर, थोडं थोडं ढवळत. पिठल्याच्या गुठळ्या ज्यांनी फोडल्यात त्यांना हे सांगायला नको. गुठळीच्या आतलं पीठ कोरडं राहिलं तर त्याची साखर होत नाही.

तासाभराने तोटी अगदी थोडी उघडायची. पहिले एक-दोन लिटर गढूळ येतात, त्यात पीठ आणि टरफलांचे तुकडे असतात. ते जगमधून अलगद परत वर ओततात. जर्मन ब्रुअर याला फोरलाउफ म्हणतात. दोन-चार फेऱ्यांत थर बसतो आणि वर्ट स्वच्छ येऊ लागतं. घाईने तोटी पूर्ण उघडली तर ओढीने सगळा थर खाली खेचला जातो, दाबला जातो आणि फटी मिटतात.

धान्य किलोमागे साधारण एक लिटर पाणी स्वतःकडे ठेवून घेतं, म्हणून १५ पैकी १० लिटरच बाहेर येतं. मग ८० अंशांचं १५ लिटर पाणी ओतून ढवळतात. मिश्रण ७५ अंशांच्या आसपास स्थिरावतं. ७७ च्या पुढे जाऊ देत नाहीत, नाहीतर टरफलांमधला तुरटपणा उतरतो, चहा जास्त उकळल्यावर येतो तसा. दुसऱ्या खेपेचं १५ लिटर मिळून एकूण २५ लिटर वर्ट हाती येतं. उकळून आटलं, खालचा गाळ वगळला, की १९ लिटर उरतं. म्हणजे ६५० मिलिलिटरच्या २९ बाटल्या.

आणि तुंबलंच तर?

धार बारीक होत होत थांबते. इथे बहुतेकांची पहिली चूक म्हणजे तोटी आणखी उघडणं. त्याने ओढ वाढते आणि थर आणखी घट्ट होतो. उलट करावं लागतं. तोटी बंद. वरून सुरीने थरात उभ्या चिरा पाडायच्या, कारण सगळ्यात वर अनेकदा प्रथिनं आणि पिठाचा राखाडी, चिकट थर बसलेला असतो. त्याने नाही भागलं तर पूर्ण ढवळायचं, मूठ-दोन मुठी तूस घालायचं, दहा मिनिटं बसू द्यायचं आणि फोरलाउफ पुन्हा पहिल्यापासून. मॅश गार झाला असेल तर थोडं गरम पाणी वाढवल्यानेही फरक पडतो. गरम पाकापेक्षा गार पाक जड वाहतो, तसंच.

नळीला तोंड लावून फुंकर मारायचा उपायही लोक करतात. पुढे वर्ट उकळणार असल्यामुळे जंतूंची भीती नाही, पण ७० अंशांचा गोड पाक तोंडावर उलटा आला तर भाजतं. शिवाय तो चिकटतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. त्यासाठी सायकलचा स्वच्छ पंप किंवा तोटीतून उलटं गरम पाणी सोडणं बरं.

या सगळ्या कटकटीला कंटाळलेल्या ऑस्ट्रेलियन हौशी मंडळींनी दोन हजारच्या दशकात दुसरीच वाट काढली. मोठ्या पातेल्यात जाळीदार कापडाची पिशवी, पिशवीत धान्य, आणि तासाभराने पिशवी उचलून टांगून ठेवायची. श्रीखंडाचा चक्का टांगतात त्याचीच मोठी आवृत्ती. तोटी नाही, वेणी नाही, तुंबणं जवळपास नाही, आणि धान्य बारीक भरडलं तरी चालतं. फक्त दहा किलोची वाफाळती पिशवी छताच्या हुकाला कशी लटकवायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मॅश टन वापरून झाल्यावर ओलं धान्य त्याच दिवशी काढावं लागतं. उन्हाळ्यात ते एका दिवसात आंबतं आणि वास घरभर होतो. कोंबड्या-जनावरं ते आवडीने खातात, काही जण वाळवून भाकरी-पावात मिसळतात. वेणी काढून वाहत्या पाण्याखाली उलट्या बाजूने धुवायची, कूलरचं झाकण उघडं ठेवून वाळवायचा. वेणीच्या तारा कालांतराने सुटायला लागतात. टोकदार तार बोटात घुसण्याआधी ती बदललेली बरी.